मॅक्स वूझनम: पैसे न घेता खेळलेल्या माणसाची कारकीर्द मोजायची कशी?

उजवा_विंगर

मंडळी, आधी एका माणसाची कुंडली मांडतो, मग प्रश्न.

मॅक्स वूझनम. जन्म १८९२, लिव्हरपूल. वडील धर्मगुरू. शिक्षण विंचेस्टर आणि मग केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज. १९११ मध्ये लॉर्ड्सवर शाळांच्या संघाकडून एमसीसीविरुद्ध १४४ आणि नाबाद ३३. केंब्रिजकडून फुटबॉल, टेनिस, गोल्फ. १९१४ मध्ये चेल्सीकडून तीन सामने. त्याच वर्षी कोरिंथियन या हौशी क्लबबरोबर ब्राझीलला निघाला तर महायुद्ध पेटलं, संघ उलट्या पावली परत. मग सैन्यात.

इथवर सगळी प्रस्तावना. खरी कारकीर्द युद्धानंतरची. क्रॉसली ब्रदर्स या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत नोकरीसाठी मँचेस्टरला आला आणि नोकरी सांभाळून मँचेस्टर सिटीकडून सेंटर हाफ (मधल्या फळीतला मधला) खेळू लागला. एक पैसा न घेता. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये टेनिस दुहेरीचं सुवर्ण आणि मिश्र दुहेरीचं रौप्य. १९२१ मध्ये विम्बल्डन पुरुष दुहेरीचं विजेतेपद, शिवाय ब्रिटनच्या डेव्हिस चषक संघाचा कर्णधार. मार्च १९२२ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघाचा कर्णधार. आणि मग पाय मोडला. १९२५ पर्यंत सिटीत होता, पण पहिल्यासारखा खेळ पुन्हा झाला नाही. सिटीकडून एकूण ९३ सामने, इंग्लंडकडून एक.

माझा एक मित्र म्हणतो, "खात्यापित्या घरचा हरहुन्नरी पोरगा, बाकी काही नाही. टेनिस काढून टाक, फुटबॉलपटू म्हणून उरतं काय?" मला हे पटत नाही. तर प्रश्न असा: निव्वळ फुटबॉलपटू म्हणून याला कुठे बसवायचं? एक आंतरराष्ट्रीय सामना बघून पुढे सरकायचं, की हौशी माणसाला मोजायची पट्टीच निराळी धरायची?

तिरकस_तेजा

क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, गोल्फ, आणि वर केंब्रिजची पदवी. हा धागा माझ्या आईला दिसता कामा नये. "बघ, खेळूनसुद्धा लोक शिकतात" हे मी आयुष्यभर ऐकत आलोय.

मँचेस्टरकर

वा! आमच्या गावचा माणूस. मी लाल बाजूचा, म्हणजे युनायटेडचा, असल्यामुळे सिटीचं कौतुक करताना बोटं जड होतात, पण वूझनमसाठी अपवाद.

तो खेळला ते मैदान हाइड रोडचं, आर्डविकमध्ये. रेल्वेरूळ आणि कारखान्यांच्या मधे दाटीवाटीनं बसवलेलं. क्लब लहान होता तेव्हा खेळाडू शेजारच्या पबमध्ये कपडे बदलून मैदानात यायचे. मार्च १९२० मध्ये राजे पंचम जॉर्ज तिथे सामना बघायला आले होते. लंडनबाहेरच्या फुटबॉल मैदानावर राजा येण्याची ती पहिलीच खेप. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुख्य लाकडी स्टँड जळून खाक झाला. सिटीनं युनायटेडकडे ओल्ड ट्रॅफर्ड वापरायला मागितलं, तर आमच्या मंडळींनी अशा अटी घातल्या की सिटीवाल्यांनी हात जोडले आणि जळक्या मैदानाचीच डागडुजी करून खेळत राहिले. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

गंमत म्हणजे ज्या हंगामात स्टँड जळला, त्याच १९२०-२१ च्या हंगामात सिटी लीगमध्ये दुसरी आली. पहिली बर्नली. त्या बर्नलीची ३० सामने न हरण्याची मालिका मोडली ती सिटीनंच, हाइड रोडवर ३-० अशी. तेव्हा "उरतं काय" विचारणाऱ्या तुमच्या मित्राला सांगा, वूझनम देशात दुसऱ्या क्रमांकाच्या संघाच्या मधल्या फळीचा कणा होता.

त्याचा पायही तिथेच मोडला. मैदानाभोवती लाकडी कठडा होता, रेषेला अगदी खेटून. धावत्या वेगात त्यावर जाऊन आदळला. पुढे १९२३ मध्ये सिटी मेन रोड या नव्या मैदानावर गेली आणि हाइड रोडच्या स्टँडचं छप्पर हॅलिफॅक्स टाऊननं नेऊन आपल्या मैदानावर चढवलं. इकडे काही वाया जात नाही.

शंकेखोर

धागा छान, पण मी विरुद्ध बाजूनं बोलतो, नाहीतर सगळे एकमेकांच्या पाठी थोपटत बसतील.

एक. ९३ सामने पाच-सहा हंगामांत मिळून आहेत. लीगचा एक हंगाम ४२ सामन्यांचा. म्हणजे दुखापत धरूनही निम्म्याहून कितीतरी कमी.

दोन. इंग्लंडचा एकमेव सामना वेल्सविरुद्ध, तोही १-० असा जेमतेम जिंकलेला.

तीन, आणि हे मला सगळ्यात खटकतं. तो फुकट खेळायचा म्हणजे कुणाच्या तरी जागेवर खेळायचा. १९२२ पासून व्यावसायिक खेळाडूचा कमाल पगार हंगामात आठवड्याला ८ पौंड आणि उन्हाळ्यात ६ पौंड इतका बांधून दिलेला होता. त्यावर कुणालाही जाता येत नव्हतं. ज्याचं घर त्या आठ पौंडांवर चालतं असा एखादा सेंटर हाफ राखीव संघात बसून राहिला असेल, त्याच्यावर धागा कोण काढणार?

उजवा_विंगर

@शंकेखोर, तिसरा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण तो वूझनमच्या खेळाविरुद्धचा मुद्दा नाही, व्यवस्थेविरुद्धचा आहे. आणि अकरा जणांत दहा पगारी असताना त्यांनी अकराव्या बिनपगारीला कर्णधार म्हणून मानलं, हे काय निव्वळ त्याच्या उच्चारांवर भाळून? ड्रेसिंग रूममध्ये असलं कौतुक फार दिवस टिकत नाही. मैदानात निभावलं नसतं तर त्यांनीच त्याला महिन्याभरात बाजूला काढला असता.

गिरणगावची

मला खेळातलं फार कळत नाही, पण व्यवस्थेचा विषय निघालाच आहे तर बोलते.

"पैशासाठी खेळत नाही" ही चैन कुणाला परवडते? इंग्लंडात व्यावसायिक खेळाडूला अधिकृत मान्यता मिळाली १८८५ मध्ये, आणि ती मिळवून दिली लँकेशरच्या गिरण्यांच्या गावांनी. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी असणारा कामगार प्रवासाला गेला की मजुरी बुडायची. ती भरून द्या एवढीच मूळ मागणी. जुन्या शाळांतून शिकलेल्या साहेबांना तीच विटाळासारखी वाटली.

आणि हे विसाव्या शतकातही सुरूच. बुडालेल्या मजुरीची भरपाई घेणारा खेळाडू हौशी मानायचा की नाही, या भांडणातून इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या संघटना १९२८ मध्ये फिफातून बाहेर पडल्या. १९३० चा पहिला विश्वचषक त्यांच्याशिवायच झाला.

क्रिकेटमध्ये तर कहर. धावफलकावर हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाआधी, पगारी खेळाडूची आडनावानंतर. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या. हा भेद १९६२ पर्यंत चालला. आपल्याकडे पाळवणकर बाळू पुण्यात साहेबांच्या जिमखान्यावर मैदानाची कामं करता करता नेटमध्ये गोलंदाजी टाकायचे. त्यांना कोण "हौशी" म्हणणार होतं? वूझनम माणूस भला असेल, माझं त्याच्याशी वैर नाही. पण त्याच्या निःस्वार्थीपणाची आरती ओवाळायला मी येणार नाही.

मधली_सुट्टी

+१ गिरणगावची. (पॉपकॉर्न घेऊन बसलेय.)

कोल्हापुरी_तडका

आरती नको ताई, पण एवढं कडक पण नको.

आमच्या कोल्हापुरात आजही पोरं तालमीसाठी खेळत्यात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, फुलेवाडी, शिवाजी तरुण मंडळ, नावं ऐकली असतील. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की गाव अर्धं होतंय. अलीकडं बाहेरचे खेळाडू पैसे देऊन आणतात, पण पेठेतल्या पोरानं तालमीकडं पैसे मागितले तर घरातलेच कानाखाली देतील.

मी स्वतः एका तालमीच्या दुसऱ्या फळीतून खेळलोय. कामाला एका वर्कशॉपमध्ये लेथवर. सामना दुपारी चारचा, म्हणजे अर्ध्या दिवसाचा खाडा. मालक खाडा कापायचा आणि वर स्वतः सामना बघायला पुढच्या रांगेत! हरलो की दुसऱ्या दिवशी पगार कापल्याचं दुःख कमी आणि त्याच्या टोमण्याचं जास्त. गुडघा गेला तेव्हा खर्च तालमीनं वर्गणी काढून केला.

तर मुद्दा असा भावांनो, फुकट खेळणारा प्रत्येक जण साहेबाचाच पोरगा असतोय असं नाही. आणि वूझनमनं पाय मोडून घेतला तो कठड्यावर आदळून. इस्त्रीची घडी जपणारा माणूस रेषेबाहेर चाललेल्या बॉलसाठी असा मरत नसतोय. माझं मत वूझनमला.

आजोबा_ऑनलाईन

चर्चा चांगली चालली आहे, पण कुणी खेळाकडे येईना, म्हणून चार ओळी लिहितो.

वूझनमच्या काळचा सेंटर हाफ आणि आजचा बचावपटू यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तेव्हा मागे दोन फुलबॅक, त्यांच्या पुढे तीन हाफ, पुढे पाच जणांची आघाडी. तिघांतला मधला तो सेंटर हाफ. प्रतिस्पर्ध्याचा सेंटर फॉरवर्ड त्यानं रोखायचा, चेंडू काढून घ्यायचा आणि लगेच पंखांवर लांब पास द्यायचा. सगळा खेळ त्याच्या पायांतून जायचा. त्यामुळे संघातला सर्वांत दमदार आणि सर्वांत डोकेबाज माणूस तिथे लागे. दोन्ही गुण एकाच माणसात सापडणं अवघड, म्हणून चांगल्या सेंटर हाफला सोन्याचा भाव.

१९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. तोवर आघाडीच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असावे लागत, आता दोन पुरेसे झाले. गोलांचा पाऊस पडू लागला. मग आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमननं सेंटर हाफला दोन फुलबॅकच्या मधे मागे खेचलं आणि निव्वळ पहारेकरी करून टाकलं. बाकीच्यांनीही तेच उचललं. इंग्लंडात वूझनमची जागाच नकाशावरून पुसली गेली.

त्याचा सिटीतला शेवटही १९२५ चाच. पाय धड असता तरी दोन-तीन वर्षांत त्याला वेगळा खेळ शिकावा लागला असता. म्हणून उजवा_विंगर यांच्या प्रश्नाला माझं उत्तर: त्याला त्या जुन्या जागेवरच्या शेवटच्या चांगल्या माणसांत धरा. नंतरच्या सेंटर हाफांशी त्याची तुलना होऊच शकत नाही.

आणि चेंडूबद्दल. आजच्या मुलांना तो चामडी, नाडीचा चेंडू दाखवायला हवा. आत ब्लॅडर, वरून तोंड नाडीनं शिवलेलं. कोरडा असेपर्यंत ठीक. मँचेस्टरच्या पावसात चामडं पाणी पीत जाई आणि उत्तरार्धात नुसती लाथ मारली तरी घोटा दुखावा. हेड करताना नाडीची गाठ कपाळावर आली की वळ उठे. असले चेंडू आम्हीही शाळेत खेळलो आहोत, कपाळाला अजून आठवतं. हौशी असो की पगारी, तो सगळ्यांना सारखाच लागायचा.

मधली_सुट्टी

आजोबा, वाचनखूण साठवली! म्हणजे तेव्हाचा सेंटर हाफ आताचा सहा नंबर (बचावफळीच्या पुढ्यात खेळणारा) का?

आजोबा_ऑनलाईन

काम पाहिलं तर सहा नंबर आणि दहा नंबर (चाली रचणारा) यांची बेरीज. आणि वूझनमच्या पाठीवर नंबर नव्हताच. इंग्लिश लीगमध्ये नंबर सक्तीचे झाले ते १९३९ मध्ये.

हावडा_मेल

कोलकात्यात बरीच वर्षं काढलेला नागपूरकर बोलतोय. दोन महायुद्धांमधला हौशी फुटबॉलपटू म्हटलं तर मला पहिलं नाव आठवतं गोष्ठो पाल यांचं. वूझनमचे समकालीनच, जन्म १८९६, आताच्या बांगलादेशातल्या फरीदपूरकडचे.

वयाची सतरा पुरी व्हायच्या आत मोहन बागानमध्ये आले आणि १९३५ पर्यंत तिथेच. जागा फुलबॅक. पायात बूट नाही. समोर गोऱ्या पलटणींचे आणि कलकत्ता एफसीसारख्या क्लबांचे बूटवाले गडी. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होई तेव्हा बुटांच्या खिळ्यांना पकड मिळे आणि अनवाणी माणूस घसरे. तरीही या माणसाच्या बाजूनं चेंडू पुढे जाईना. 'चीनेर प्राचीर' म्हणजे चीनची भिंत हे नाव त्यांना पडलं, आणि ते इंग्रजी वर्तमानपत्रानं दिलं असं तिथले जुने लोक छाती फुगवून सांगतात.

१९२१ पासून पाच वर्षं मोहन बागानचे कर्णधार. त्याच काळात, १९२३ मध्ये, मोहन बागान मुंबईला रोव्हर्स चषक खेळायला आलं आणि थेट अंतिम सामन्यात पोचलं. तिथे डरहॅम लाइट इन्फंट्रीनं ४-१ असं हरवलं. पण पलटणींच्या त्या स्पर्धेत इतक्या वर गेलेला देशी संघ मुंबईकरांना नवलाचाच.

शेवटही चटका लावणारा. १९३५ मध्ये एका सामन्यात पंचाचे एकतर्फी निर्णय बघून त्यांच्या संघानं मैदानातच निषेध केला, आणि त्यानंतर त्यांनी खेळ सोडला. १९६२ मध्ये पद्मश्री, हा मान मिळालेले ते पहिले फुटबॉलपटू. आज ईडन गार्डन्सजवळ त्यांचा पुतळा आहे, रस्त्याला नाव आहे, टपाल तिकीटही निघालं.

@गिरणगावची, हाही हौशीच. पण याची हौस आणि वूझनमची हौस एका पारड्यात घालता येईल का, तुम्हीच सांगा.

गिरणगावची

नाही घालता येणार. गोष्ठो पालांपुढे पैसे घेऊन खेळण्याचा रस्ताच नव्हता, वूझनमपुढे होता आणि त्यानं तो नाकारला. नाकारायला आधी कुणीतरी देऊ करावं लागतं. माझं म्हणणं एवढंच होतं, तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत.

तिरकस_तेजा

अनवाणी म्हटल्यावर ते आलंच! १९५० च्या विश्वचषकाला आपल्याला बूट नाहीत म्हणून हाकललं होतं ना?

शंकेखोर

आलास का, वाटच बघत होतो. हाकललं वगैरे काही नाही. आपल्याला जागा मिळालेली होती, आपणच गेलो नाही. ब्राझीलचा लांबचा प्रवास, आपल्या संघटनेला विश्वचषकापेक्षा ऑलिंपिकचं जास्त अप्रूप, तयारीला वेळ कमी, अशी कारणांची गर्दी होती. बुटांची गोष्ट सांगायला चटकदार म्हणून तीच चिकटली. अवांतर संपवा.

क्लाइडकाठचा

अवांतर संपवू नका, मुक्कामाचं स्टेशन आत्ता आलंय. मी ग्लासगोचा, म्हणून मोहम्मद सलीमवर माझा हक्क.

कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचा विंगर. या क्लबनं १९३४ पासून सलग पाच वर्षं कलकत्ता लीग जिंकली, पहिल्या झटक्यात पलटणींची मक्तेदारी संपवली. १९३६ मध्ये सलीमचा एक नातेवाईक त्याला बोटीनं इकडे घेऊन आला आणि थेट सेल्टिक या ग्लासगोच्या क्लबच्या दारात उभा केला. सेल्टिकचे व्यवस्थापक विली मेली. अनवाणी खेळणारा माणूस स्कॉटलंडच्या व्यावसायिकांसमोर? पण चाचणीत त्याचा चेंडूवरचा ताबा बघून सगळे गप्प.

ऑगस्ट १९३६ मध्ये गॅल्स्टनविरुद्ध तो सेल्टिकच्या राखीव संघाकडून उतरला. बूट नाहीत, दोन्ही पावलांना पट्ट्या गुंडाळलेल्या. सेल्टिकचा जुना खेळाडू आणि तेव्हाचा प्रशिक्षक जिमी मॅकमेनेमी खाली बसून त्या पट्ट्या बांधतोय, असा एक फोटो आहे. गोरा प्रशिक्षक कलकत्त्याच्या पोराच्या पायाशी, १९३६ साली. मी त्या फोटोकडे नेहमी सामन्यापेक्षा जास्त वेळ बघतो. सेल्टिक ७-१ नं जिंकली, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत 'भारतीय जादूगार'.

थांब म्हणाले, थांबला नाही. घरची ओढ लागली आणि परतला. पुन्हा मोहम्मडनकडून, पुन्हा बिनपगारी. उजवा_विंगर, तुमच्या पट्टीनं याची कारकीर्द मोजाल तर स्कॉटलंडमधले राखीव संघाचे मोजके सामने. मोजायचं तसंच का?

कोल्हापुरी_तडका

नाद खुळा! सलीमवर स्वतंत्र धागा पायजे.

बेसलाईन

टेनिसवाल्यांना बोलायची परवानगी आहे का? १९२१ च्या विम्बल्डनची एक गंमत. वूझनमनं पुरुष दुहेरी जिंकली ती रँडॉल्फ लायसेटच्या जोडीनं. त्याच स्पर्धेत मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात वूझनम एका बाजूला आणि लायसेट दुसऱ्या बाजूला. लायसेट आणि एलिझाबेथ रायननं वूझनमच्या जोडीला सरळ दोन सेटमध्ये झोपवलं.

आणि त्याच वर्षी भारत पहिल्यांदा डेव्हिस चषकात उतरला. संघात मुंबईच्या फैझी घराण्यातले खेळाडू होते. फ्रान्सला हरवून मग जपानकडून हरलो. वूझनम ब्रिटनचा कर्णधार असताना आपलीही मंडळी त्याच स्पर्धेत होती, एवढाच आमचा धागा.

तिरकस_तेजा

आणि चार्ली चॅप्लिन? डेव्हिस चषकासाठी अमेरिकेला गेला तेव्हा म्हणे चॅप्लिनला टेबल टेनिसमध्ये हरवलं, तेही बॅटऐवजी लोण्याची सुरी घेऊन. आणि वर त्याला पोहण्याच्या तलावात ढकलून दिला. हे लिहायचं सोडून तुम्ही ऑफसाइडचे नियम समजावताय!

शंकेखोर

हीच ती भानगड. सुरीचा किस्सा, स्नूकरमधल्या १४७ च्या (एका डावातल्या कमाल गुणांच्या) ब्रेकचा किस्सा, असल्या माणसांभोवती शेवाळ साठतं. ऐकायला मजा, मोजायला काढून ठेवावं. लॉर्ड्सचे १४४ कागदावर आहेत, तेवढे पुरे आहेत.

पणजीचो_बाबू

आमच्या गोव्यात हा तिढा फार सरळ सुटला. फुटबॉलपटूला कंपनीत नोकरी द्यायची, सकाळी सराव, हजेरीपटावर सही, महिन्याला पगार. साळगावकर, धेंपो, शेसा, खाणीवाल्यांचे आणि कारखानदारांचे क्लब असेच उभे राहिले. मुंबईतही टाटा, मफतलाल, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट हाच कित्ता. कागदावर कारकून, मैदानात स्ट्रायकर. वूझनमचंही क्रॉसलीत असंच काही असेल तर नवल नाही वाटणार.

मँचेस्टरकर

@बाबू, नाही हो. क्रॉसलीचा आणि सिटीचा काही संबंध नव्हता, ती नोकरी खरीखुरी होती. पुढे तो आयसीआय या रसायनांच्या कंपनीत गेला, तिथेच बाकीची कारकीर्द. फुटबॉलमध्ये शेवटी नॉर्थविच व्हिक्टोरियाकडून थोडं खेळला. वारला १९६५ मध्ये.

आजोबा_ऑनलाईन

मूळ प्रश्नाकडे परत येताना आणखी एक नाव. बर्नार्ड जॉय. हा शिक्षक. कॅज्युअल्स या हौशी क्लबचा कर्णधार, १९३६ मध्ये हौशी संघांचा एफए चषक जिंकला. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रुसेल्सला बेल्जियमविरुद्ध इंग्लंडच्या मुख्य संघातून खेळला, इंग्लंड ३-२ असं हरलं. त्याच्यानंतर कुणी हौशी खेळाडू इंग्लंडच्या मुख्य संघात आलाच नाही. त्याच उन्हाळ्यात बर्लिन ऑलिंपिकला ब्रिटनचा कर्णधार, तिथे पोलंडकडून ५-४ नं हार.

त्याची जागा पाहा: सेंटर हाफ. आर्सेनलमध्ये हर्बी रॉबर्ट्सचा पर्यायी खेळाडू म्हणून आला, म्हणजे चॅपमननं घडवलेल्या त्या पहारेकऱ्याच्या जागेवर. १९२२ चा वूझनम आणि १९३६ चा जॉय, दोघे हौशी, दोघे सेंटर हाफ, दोघांना एकेकच सामना. चौदा वर्षांत जागेचं काम पार उलटं झालं आणि हौशी माणूसही मुख्य प्रवाहातून बाद झाला. आधीच्या पिढीत व्हिव्हियन वुडवर्डसारखा हौशी खेळाडू इंग्लंडकडून गोलांवर गोल करत होता. तेव्हा वूझनमचा एक सामना हा कमीपणा मानू नका. १९२२ च्या सुमारास दार लागत चाललं होतं, त्यातून तो आत शिरला, तेही कर्णधार म्हणून.

मधली_सुट्टी

आणि ते कोरिंथियन? पेनल्टी मुद्दाम बाहेर मारणारे तेच ना?

आजोबा_ऑनलाईन

तेच, निदान ख्याती तशी. सभ्य माणूस जाणूनबुजून फाऊल करेलच कसा, म्हणून पेनल्टी हाच अपमान. कित्येक वर्षं बक्षिसाच्या स्पर्धेतच उतरत नसत. एफए चषकात आले ते १९२२-२३ च्या हंगामात. चार वर्षांनी जानेवारी १९२७ मध्ये क्रिस्टल पॅलेसवर न्यूकॅसलकडून ३-१ नं हरले. तो सामना रेडिओवर ऐकवला गेला. १९३९ मध्ये कॅज्युअल्सशी विलीन झाले. त्यांच्या १९१० च्या ब्राझील दौऱ्यावरून नाव घेतलेला साओ पावलोचा कोरिंथियन्स मात्र आज करोडोंचा क्लब आहे.

शंकेखोर

आजोबांचा दाराचा मुद्दा मला हलवून गेला. मी आधी "फक्त एक सामना" म्हणालो, त्याऐवजी आता "१९२२ मध्ये एक सामना" असं म्हणेन. पण सिटीच्या सर्वकालीन अकरांत मी त्याला घेणार नाही. ९३ सामने कमीच पडतात.

उजवा_विंगर

आणि मी घेणार. पाय मोडण्याआधीचा वूझनम, १९२०-२१ चा. पण मित्राला द्यायचं उत्तर मिळालं: टेनिस काढून टाकलं तरी देशात दुसऱ्या आलेल्या संघाचा सेंटर हाफ उरतो, आणि ती त्या काळातली सगळ्यात अवघड जागा होती. गिरणगावचींचा मुद्दा मात्र त्याच्या पारड्यात जातो, तो मी प्रामाणिकपणे त्याला कळवणार. सलीमचा धागा कोण काढतंय? क्लाइडकाठचे?

क्लाइडकाठचा

काढतो. शनिवारी. त्या फोटोबद्दल थोडं शोधून ठेवलंय.

कोल्हापुरी_तडका

शनिवारी नको, आमचा सामना हाय. रविवारी टाका, निवांत वाचतो. जिंकलो तर.

तिरकस_तेजा

आणि हरलात तर मालकाचे टोमणे इथे जसेच्या तसे टंकायचे.